कॅमेऱ्यावरची छत्री

नरपडला आमच्या वाडीतले चिकू खोक्यात ठेवले की आधी एक पिकतो आणि बघता बघता सगळं खोकं पिकतं. आमच्या मीडिया कोर्सचे किस्से तसेच. एक काढला की बाकीचे तयार! त्यात मी नवी सून, बोलणार कमी. त्यामुळे माझ्यासमोर माणसं काहीही बोलतात.

डहाणूतल्या आमच्या वर्गात मुली ढीगभर, मुलगे चार, कॅमेरा एक. तो कायम जिगरच्या गळ्यात. मुलींकडे छत्री. का? तर कॅमेऱ्याला ऊन लागतं! वर्ष संपायच्या आत एकदा तरी तो कॅमेरा मला चालवायचा होता. जिगरकडे मागितला. लग्नाआधी मला "ए" म्हणणारा जिगर कळवळून म्हणाला, "वहिनी, जड आहे हो!"

त्याच सकाळी मी चिकूची भरलेली खोकी टेम्पोत चढवून आले होते.

*

मग सेमिनार झाला. विषय : 'माध्यमांत मुलींचा सहभाग'. स्टेजवर चारही मुलगे! मुलींकडे रांगोळी आणि पुष्पगुच्छ. जिगर माइकवर तळमळून म्हणाला, "मुली बोलतच नाहीत, हा खरा प्रॉब्लेम आहे!" माझ्या शेजारच्या हेतलने हात वर केला. "प्रश्न शेवटी," जिगर म्हणाला.

शेवटी आमचे राऊत सर आभार मानायला उठले. "मुलींनी शांतता राखून कार्यक्रम यशस्वी केला!"

*

आगर गावात मासळीवर फिल्म करायला गेलो. जिगरने एका काकांना गाठलं.

"काका, धंदा कसा काय?"

"बायकोला विचार."

"भाव काय मिळतो?"

"तीच विकते. तिलाच विचार ना!"

काकी टोपली घेऊन शेजारीच उभ्या. बोलायला पुढे आल्या, तर जिगर ओरडला, "मावशी, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय!"

*

घरी सासूबाई रोज विचारतात, "आज काय शिकलीस गं?"

"छत्री धरली."

एकदा त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "ह्याची परीक्षापण असते?"

*

असते! प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "आज मुली शूट करतील. मुलांनो, छत्री धरा."

पहिला नंबर माझा. कॅमेरा घेतला. काही जड नव्हता.

डहाणूच्या किनाऱ्यावर मुलग्यांची तिथल्या तिथे मीटिंग. एक छत्री धरणार, एक ऊन बघणार, एक वारा बघणार. जिगर छत्री-डायरेक्टर! मी समुद्राकडे वळले, तर हा ओरडला, "वहिनी, थांबा! छत्री तिकडे सेट नाही!"

"ऐक गं त्यांचं," सर गंभीरपणे म्हणाले, "छत्रीचं काम टेक्निकल असतं."

वर्षभर छत्री धरलेली हेतल आ वासून बघत राहिली.

मी चार पावलं मागे उन्हात गेले, कॅमेरा छत्रीकडे वळवला आणि बटण दाबलं. चौघे भांडत होते. वाऱ्यावाल्याचं उन्हावाल्याशी पटत नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी फिल्म शेवटपर्यंत बघितली.

"विषय काय?"

"माध्यमांत मुलग्यांचा सहभाग," मी म्हटलं.

मागून जिगर कुजबुजला, "वहिनी, नावं टाकाल तेव्हा छत्रीवाले आधी हां!"