पौर्णिमेची कुर्ली

काही विकत घ्यायचं म्हटलं की काका ते आधी तळहातावर तोलायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे, "भरलेली आसा!" संत्री झाली, भोपळी मिरची झाली, एकदा तर माझी महिन्याची मुलगीसुद्धा.

जर्मनीत, कोलोनला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, काकीही गेल्या, पण जीव अडकलेला कुर्लीत, म्हणजे खेकड्यात. इथे मिळते ती उत्तर समुद्रातली, थंड पाण्यातली. भाकरीएवढी पाठ, आणि नांग्या इतक्या जाड, की काका टूलबॉक्समधली हातोडी घेऊन बसायचे. मासळीच्या काउंटरवर हात लावायला बंदी. तिथल्या बाईंशी त्यांनी अशी हुज्जत घातली म्हणता, की पुढे त्या स्वतःच कुर्ली तोलून दाखवू लागल्या.

पण खरेदी फक्त अमावास्येला. "पुनवेची कुर्ली पोकळ असता, गो." अमावास्या रविवारी आली की दुकानं बंद, आणि काकांचं तोंड बघवत नसे.

हॅम्बुर्गची त्यांची लेक यायची ती कोटही न काढता, हातात मोबाईल, तासाभरात परतीची गाडी. बापाच्या मालवणीला उत्तर जर्मनमध्ये. काकांना तिला कुर्ली खायला बसवायचं होतं. "दोनय हात बरबटले की मोबाईल धरतली कशी? बोलूकच होया."

मला हे फारच पटलं. पण तिची सुट्टी आणि अमावास्या काही जुळेना. "पोकळ कुर्ली घालू चेडवाक?" म्हणत काका दर वेळी पास्ता करायचे. ती तो भराभर खाऊन निघायची.

शेवटी मी चिडले. "अहो काका, कुर्ली महत्त्वाची की पोरगी?"

पुढच्या शनिवारी, ऐन पौर्णिमेला, वरून हातोडीचे ठोके आले. दुपारभर येत राहिले. मधूनमधून लेकीचं हसणं.

संध्याकाळी जिन्यात भेटले. चेहरा असा खुललेला, तुम्ही पाहायला हवा होतात.

"पोकळच होती गो! चिमटीभर मांस. शोधीत बसलंव दोघांय. गाडी चुकली तिची!"

त्यानंतर त्यांनी एकही पौर्णिमा सोडली नाही. जमेल तेव्हा लेकही यायची.

या हिवाळ्यात काका गेले. वरचं घर बंद आहे, आणि पौर्णिमेची ती ठोकाठोक मला हवीहवीशी वाटते.

परवा लेकीचा फोन आला. अडखळत, पण मराठीत.

"मावशी, आल्झो... म्हणजे... पुढची पौर्णिमा कधी आहे? मी येते. तू बसशील माझ्याबरोबर?"