नाक धरायची रीत

पहिली नेमणूक झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मिशी म्हणावी असं ओठावर फारसं काही नव्हतं. यवतमाळात ट्रेनिंग झालं होतं. अंगात खादीचा नवा सदरा होता आणि ट्रंकेत मुलांच्या मनाविषयीचं एक जाडजूड पुस्तक. मूल फुलासारखं असतं, त्याला प्रेमाने फुलवावं, असं त्यात पानोपानी लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने एका टिनाच्या खोलीत चार वर्गांची बावन्न फुलं एकदम कोंबलेली कधी पाहिली नसावीत.

गाव फुलसावंगीपासून पायी दीड तासावर होतं. नाल्याच्या अलीकडे कापूस-तुरीवाल्या शेतकऱ्यांचं गाव, पलीकडे टेकाडावर तांडा. तांड्यावरच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. आता कोणी बरड तुकडे कसत होते, कोणी गावातल्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून वर्षाच्या बोलीवर राबत होते. शाळा गावात होती. मास्तर आम्ही दोघं. हेडगुरुजी पहिली-दुसरीला आणि मी तिसरी-चौथीला, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून शिकवायचो. राहायला पाटलांनी आपल्या वाड्यालगतची खोली फुकट दिली होती, सकाळी त्यांच्याच घरून तांब्याभर दूध यायचं. वर्षभर काम बघून मला कायम करायचं होतं आणि त्यात पाटलांच्या शब्दाला वजन होतं. हे मला कोणी सांगितलं नाही, पण दूध पिताना ते रोज कळायचं.

पहिले दोन महिने पोरांनी माझा अगदी भुगा केला. मी शहरी बोलतो म्हणून ती हसायची. मी ओरडलो की जास्तच हसायची. मला राग पटकन येतो, तेव्हाही यायचा. एकदा खडूचा डबा भिंतीवर फेकून मी बाहेर निंबाखाली जाऊन बसलो, तेव्हा हेडगुरुजी तंबाखू मळत शेजारी आले.

"कायले घसा फोडून राह्यले गुर्जी? पोरायचं पोरायच्याच हातानं होऊ द्या," ते म्हणाले.

मग त्यांनी मला रीत समजावून सांगितली. ती काही त्यांनी शोधलेली नव्हती, माझ्या लहानपणीही होती. प्रश्न विचारायचा. ज्यांना येत नाही त्यांना उभं करायचं. ज्याला येतं त्याने एकेकाचं नाक डाव्या हाताने धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. त्याला एक कलम जोडलेलं होतं. कोणी दोस्ती सांभाळून हलकी मारली तर गुरुजींनी उठायचं आणि कशी मारतात ते हलकी मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायचं. आपला हात दुखत नाही, मायबाप भांडायला आले तर आपण मारलेलंच नसतं, हे दोन फायदे हेडगुरुजींनी बोटावर मोजून सांगितले.

आठ दिवसांत वर्ग चिडीचूप झाला. पाढे पाठ झाले, पावकी-निमकी पाठ झाली. मला वाटलं, आपल्याला शिकवता येऊ लागलं. सुरुवातीला चार-पाच वेळा दाखवावं लागलं, नंतर पोरं आपणहून मन लावून मारायला लागली. जिवलग मित्र एकमेकांची नाकं पिळताना मी खुर्चीत बसून पाहायचो आणि मला मजा यायची. हे लिहायला मला साठ वर्षं लागली, म्हणून सरळच लिहितो आहे.

चौथीत बारा पोरं होती. अकरा मुलगे आणि एक मुलगी. ती तांड्यावरची, अकरा वर्षांची, पाटलांच्या सालदाराची. हातात कोपरापर्यंत बांगड्या, परकराला आरशाचे तुकडे शिवलेले, आणि तोंडी हिशोबात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मण-शेर-छटाकांचं गणित मी घालायचो आणि पाटीवर आकडे मांडून मी ते सोडवायच्या आत तिचे ओठ हलायचे, ती आपल्या बोलीत मनाशी मोजायची आणि उत्तर मराठीत सांगायची. दसऱ्याला सोनं द्यायला तिचा बाप खोलीवर आला होता. तिची सोयरीक लहानपणीच ठरली होती आणि मुलाकडचे घाई करत होते. चौथी पास झालीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असा शब्द त्याने पोरीला दिला होता. पुढे शिकून तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्या तांड्यावर तोवर चौथी पास झालेली एकही बाई नव्हती. बाप दारातच बसून हे बोलला, मी आत ये म्हणालो तरी उंबरा ओलांडला नाही.

पहिल्यांदा तिच्या एकटीचं उत्तर बरोबर आलं तेव्हा अकराच्या अकरा पोरं उभी होती. मी तिला उठायला सांगितलं. ती उठली, पहिल्या पोराच्या नाकाला बोट लावलं आणि गालावरची माशी उडवावी तसा हात फिरवला. वर्ग हसला. मी उठलो आणि तिला दाखवलं. तिच्या सावळ्या गालावर माझी बोटं उठली. ती रडली नाही. वळली आणि त्या पोराच्या अशी ठेवून दिली की तो बाकड्यावर कोलमडला. मग उरलेल्या दहांच्याही, ओळीने.

मी तिला शाबास म्हणालो.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि तिचं हे रोजचंच झालं. शाळेत कोणी तिला काही म्हणायचं नाही. शाळा सुटल्यावर मात्र नाल्यातल्या वाटेवर पोरं दबा धरून बसायची आणि शेण फेकायची. एकदा तिची पाटी फोडली. तिने मला येऊन सांगितलं. अभ्यास केला असता तर मार बसला नसता, हे त्यांना कळायला हवं, असं काहीतरी मी बोललो आणि वही तपासायला घेतली. ती तिथेच उभी राहिली.

"गुर्जी, मले येत नाही असं म्हनू का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. तरी दुसऱ्या दिवसापासून ती मान खाली घालून गप्प बसू लागली. पण मोजताना हलणारे ओठ काही तिला आवरता येत नव्हते, आणि मी तेवढंच बघत होतो. तिसऱ्या दिवशी मी तिला पुढे बोलावलं आणि दोन थोबाडीत दिल्या. उत्तर येत असून न सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि माझ्या वर्गात खोट्याला क्षमा नाही, असं मी सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हेडगुरुजींनी मागे वळून कौतुकाने मान डोलावली. त्यानंतर ती गप्प बसली नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा चौथीतल्याच पाटलांच्या मुलाचा घोळणा फुटला. उन्हाची चाहूल लागली की त्याच्या नाकातून रक्त यायचंच, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने नाक धरलं, मारली आणि रक्ताची धार त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरली. पोरगा काही रडला नाही, पाणी मारून पुन्हा जागेवर बसलासुद्धा. पण तो सदरा घरी गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तांड्यावरच्या पोरीने पाटलाच्या पोराला रक्त निघेस्तोवर मारलं.

दिवेलागणीला मला ओसरीवर बोलावणं आलं. पाटील आवाज चढवून बोलणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी मला बाजूला बसवलं, चहा दिला. हेडगुरुजी आधीच येऊन बसले होते. खाली अंगणात तिचा बाप पागोटं हातात घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे ती. बापाने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. आता गुरुजी आले, आता होईल सगळं नीट, असं त्याला वाटलं असावं.

"गुर्जी, तुमीच सांगा न मालकाले," तो म्हणाला. "तुमीच तिले सांगतलं होतं न?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. हेडगुरुजी आपल्या वहाणेकडे पाहायला लागले. माझ्या हातात कपबशी होती. मला आठवतं, मी आधी एक घोट घेतला.

"शिक्षेची पद्धत आहे शाळेत," मी म्हणालो. "पण इतकं जोरात मारायला मी कधी सांगितलं नाही."

ती बापाच्या आडून पुढे आली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या गालावर मी तीनदा हात उचलला होता, त्यातला एक तर हलकी मारली म्हणूनच. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि हेडगुरुजींनाही. आता मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून ती वाट पाहत होती. मी चहा संपवला.

पाटलांनी शांतपणे दोन वाटा सांगितल्या. पोरीचं नाव शाळेतून काढा. नाहीतर जितक्या पोरांना तिने मारलं तितक्यांनी उद्या शाळेसमोर तिला एकेक परत द्यावी आणि गोष्ट तिथे संपवावी. बापाने लगेच हात जोडले आणि नाव काढून घेतो म्हणाला. तेव्हा ती बोलली.

"मले परीक्षेले बसाचं हाये," ती म्हणाली. "मी खाईन."

दुसऱ्या दिवशी निंबाखाली पाटलांसाठी खाट टाकली होती. गावातली दहा-पंधरा माणसंही कामधंदा सोडून आली होती. शाळेचं काम शाळेच्या शिस्तीत व्हावं म्हणून हजेरीबुक घेऊन मी उभा होतो. मी एकेक नाव पुकारायचो, ते पोरगं पुढे यायचं, तिचं नाक धरायचं आणि मारायचं. शेण फेकणाऱ्यांनी हौसेने मारली. एकाने उडी मारून मारली तर माणसं हसली. ती भिंतीला पाठ न लावता ताठ उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं. एक, दी, तीन, चार. आपल्या बोलीत ती मोजत होती, गणित करताना मोजायची तशीच.

अकरावं नाव पाटलांच्या मुलाचं होतं. तो पुढे आला, नाकाला हात लावला आणि गालाला नुसता तळवा टेकवला. त्याला लाज वाटली की काय, मला कधी कळलं नाही. ती अकरा म्हणाली आणि तिने श्वास सोडला. संपलं होतं.

"हे काय मारनं झालं?" पाटील खाटेवरून म्हणाले. "गुर्जी, दाखवा बरं."

सगळा वर्ग एकदम माझ्याकडे पाहायला लागला. रीत बावन्न पोरांना पाठ होती. ज्याने हलकी मारली त्याच्याच गालावर दाखवायचं. पाटलांच्या मुलालाही ठाऊक होतं, त्याने डोळे मिटून गाल पुढे केला. मी दोन पावलं त्याच्याकडे गेलो. तिथून मला खाट दिसत होती. मग मी वळलो, तिचं नाक धरलं आणि तिच्या गालावर दाखवली. ती चांगली जोरात बसली. मला हात हलका ठेवता आला असता, तेवढंही मी केलं नाही. उलट मला तिचा राग आला होता, ती अशी सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होती म्हणून.

ती बारावी तिने मोजली नाही.

तिने दप्तर उचललं, पाटी काखेत मारली आणि नाल्याकडे चालू लागली. कोणी अडवलं नाही. मी हजेरीबुक मिटलं आणि पोरांना आत घेऊन भूगोल काढला.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी तिचा बाप मी तिला वाचायला दिलेलं गणिताचं पुस्तक फडक्यात बांधून खोलीवर घेऊन आला. मी त्याला म्हणालो, पोरीला पाठव, आता कोणी काही बोलणार नाही, परीक्षा जवळ आली. त्याने पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं.

"मी लय सांगतलं गुर्जी," तो म्हणाला. "म्हनलं, मार तं खाऊन झाला, आता काहून बसत नाही? ते म्हनते, पोरायचा मार खाल्ला मी परीक्षेसाठी. पन गुर्जी खोटं बोलले. मले त्यायच्यापाशी नाही शिकाचं."

तो रागाने बोलला नाही. पोरीची तक्रार केल्यासारखं, जरा ओशाळून बोलला, आणि रामराम करून गेला.

परीक्षा फुलसावंगीला झाली. अकरा पोरं मी स्वतः चालवत नेली, नऊ पास झाली. वैशाखात तांड्यावर तिचं लग्न लागलं. तीन दिवस नाल्यापलीकडून डफ आणि बायकांची गाणी ऐकू येत होती आणि मी खोलीचं दार लावून त्या जाडजूड पुस्तकाची पानं उलटत पडलो होतो. मृगाच्या सुमारास मला कायम केल्याचा कागद आला. पाटलांनी पेढे वाटले. हेडगुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की पोरगं पहिल्याच वर्षी तयार झालं.

लोकांना आवडेल असा शेवट मला करता येईल, की त्या दिवसापासून मी पोरांवर हात उगारला नाही. तसं काही झालं नाही. नव्या वर्षी शाळा उघडली तेव्हा नाक धरायची रीत तशीच चालू ठेवली, पुढे सात-आठ वर्षं ती माझ्या वर्गात चालली. एकच बदल मी केला. तांड्यावरून त्या वर्षी दोन मुली तिसरीत आल्या होत्या, चुणचुणीत होत्या. त्यांना मी शेवटच्या ओळीत बसवलं आणि वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही.