प्रेसच्या डोक्यावरचा कॉम्प्युटर

गोडदेवच्या आमच्या गाळ्यात स्टीलची ताटं-वाट्या बनायच्या. खाली पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशिनांची धाडधाड आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, पोटमाळ्यावर, ऑफिस. ऑफिस म्हणजे शेठचं टेबल, एक पंखा, कॉम्प्युटर आणि मी. त्याआधी मी खाली पॅकिंगला होते, वाट्यांना कागद गुंडाळत. संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकले आणि वर गेले. आईने ही बातमी अख्ख्या चाळीला सांगितली होती, गावी रत्नागिरीला फोन करून वेगळी.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमच्या कॉम्प्युटरला एकच रोग होता, त्याची हार्ड डिस्क टिकायची नाही. काही महिन्यांत कटकट आवाज करत ती मान टाकायची आणि सगळी बिलं, सगळा स्टॉक सोबत घेऊन जायची. नवी बसवलेली डिस्कही कुरकुरायला लागली तेव्हा शेठ वैतागले.

"दिवाली के बाद ये डब्बा बंद. हाथ से लिखेंगे. तू वापस पॅकिंग में."

पॅकिंगच्या बाईंना त्यांनी माझी जागा धरून ठेवायलाही सांगितलं. त्या दिवशी घरी आले आणि जेवलेच नाही. कागद गुंडाळण्यात कमीपणा नव्हता, पण मला वरची ती खुर्ची हवी होती. भयंकर हवी होती.

दसऱ्याला प्रेस बंद. धुऊन-पुसून, हार घालून, हळदकुंकू लावून त्या शांत उभ्या होत्या. मी कॉम्प्युटरलाही झेंडू वाहिला, जरा जास्तच भक्तिभावाने, आणि राहिलेली बिलं करायला बसले. पठ्ठ्या दिवसभर एकदाही अडला नाही. देव पावला म्हणून मी वर एक पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पहिली प्रेस सुरू झाली आणि स्क्रीन जागच्या जागी गोठली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. देवाने काहीच केलं नव्हतं, काल प्रेस बंद होत्या एवढंच.

जवळच जेसल पार्कात आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता. तो इतके दिवस धुळीला दोष द्यायचा. मी त्याला जवळजवळ ओढतच आणलं आणि टेबलावर हात ठेवायला लावला.

"आयला, हे तर थरथरतंय," तो म्हणाला. "डिस्कच्या आत तबकडी फिरते, ताई. तिच्यावर बारीक काटा तरंगतो. रोज असे हादरे बसले तर घासणारच ना तो."

"मग न फिरणारी डिस्क नसते का?"

"असते की. विमानात, मिलिटरीत लावतात. आपल्याला नाय परवडणार." मग त्याने डोकं खाजवलं. "पण कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड लावलं तर? त्यात काहीच फिरत नाय, नुसती चिप. कनेक्टर लावून डिस्कच्या जागी बसवून बघतो. जागा मात्र कमी मिळेल हां."

"बिलांना कितीशी जागा लागते? बसव."

कार्ड आलं. शेठनी ते तळहातावर घेऊन वरखाली करून पाहिलं. जन्मभर किलोवर माल विकलेला माणूस तो. "इस में तो वजनही नहीं है," ते म्हणाले. "सब हिसाब इस में रहेगा?" मी छातीठोकपणे हो म्हटलं.

सगळं बसवून झाल्यावर शेठनी खाली हुकूम सोडला, "सब प्रेस एक साथ चलाओ!" पोटमाळा हलायला लागला. कपातला चहा बशीत सांडला. मी टाइप करत राहिले. प्रिंटरमधून बिल बाहेर आलं. शेठनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं. "एक और," म्हणाले. तेही आलं. तरी त्यांचं समाधान होईना. दिवाळीपर्यंत रोज सकाळी यायचे आणि विचारायचे, "चल रहा है?" चालत होता.

दिवाळीची सुट्टी संपून लाभपंचमीला गाळा पुन्हा उघडला. प्रेस सुरू झाल्या, कॉम्प्युटरही सुरू झाला. शेठनी स्क्रीनकडे पाहिलं, जिना उतरले आणि खाली पॅकिंगच्या बाईंना ओरडून म्हणाले, "वो जगह पे दूसरी लड़की रख लो. ये अब नीचे नहीं आएगी."

मला रडू फुटलं. प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी चांगलं पोटभर रडून घेतलं.