मेन सर्व्हरची दहा मिनिटं

चाकणला आमच्या कंपनीत गुरुवारी सुट्टी. मशीन बंद, कॅन्टीन बंद, गेटवर फक्त सिक्युरिटी. बस नसते, म्हणून त्या गुरुवारी मी तळेगावहून स्कूटीवर आले आणि सातलाच सर्व्हर रूममध्ये हजर झाले, तीही नवा ड्रेस घालून! हसा खुशाल. एक अख्खा लिनक्स सर्व्हर पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हवाली झाला होता.

आमच्याकडे गाड्यांचे पार्ट बनतात. कुठला पार्ट बनला, कुठल्या ट्रकमध्ये चढला, सगळं एका डेटाबेसमध्ये, आणि तो एकाच मेन सर्व्हरवर. दिवाळीआधी तो बंद पडला आणि दिवसभर ट्रक गेटबाहेर रांगेत उभे. ड्रायव्हरांनी आमचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. मग ठरलं, दुसरा सर्व्हर आणायचा आणि मेनवर पडलेली प्रत्येक नोंद त्याच क्षणी दुसऱ्यावर उतरवणारं सॉफ्टवेअर टाकायचं. सॉफ्टवेअर टाकायला पुण्याहून इंजिनिअर येणार होता. नवा सर्व्हर तयार ठेवायचं काम माझं.

आमचे आयटीचे साहेब म्हणाले होते, "हे नीट पार पडलं तर तुला कायम करायचं पत्र वर पाठवतो. पण तुझे लेट मार्क फार आहेत बाई, त्याचं काय करू?"

दीड वर्ष कॉन्ट्रॅक्टवर घासत होते मी. लातूरहून आई दर फोनला एकच विचारायची, "झालीस का कायम?" लेट मार्कांचं तिला काय सांगणार, कप्पाळ! गेटवरच्या पंचिंग मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढं. लोक वेळेत यावेत म्हणून हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसच्या काकांनी फार पूर्वीपासून मुद्दाम ठेवून घेतलेलं. आमची बस साडेआठच्या आत टेकायची, घड्याळ आठ अडतीस दाखवायचं, की पडला लेट मार्क. मी रोज त्या घड्याळाला शिव्या घालत आत जायचे.

तीन दिवस मी इंजिनिअरनं पाठवलेली यादी घेऊन बसले होते. डिस्कवर जागा केली, अपडेट टाकले, सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर काढला, फायरवॉलमध्ये दोन सर्व्हरना एकमेकांशी बोलण्यापुरती वाट उघडली. एकेका ओळीवर टिक करताना असा काही हुरूप चढायचा की जेवायची आठवण राहायची नाही.

दहाला इंजिनिअर आला. त्यानं तपासणीचा प्रोग्राम चालवला. हिरवी ओळ, हिरवी ओळ, हिरवी ओळ... मी मनातल्या मनात नाचत होते. आणि शेवटची ओळ लाल! दोन सर्व्हरच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक.

"वेळ जुळल्याशिवाय हे पुढं जाणार नाही, मॅडम. दीडला मला निघायचंय, आणि पुन्हा यायचं म्हणजे महिनाभरानं."

महिनाभरानं! नव्या सर्व्हरची वेळ मोबाइलशी पडताळली, बरोबर. म्हणजे मेन सर्व्हर पुढं. बरोब्बर दहा मिनिटं. अगं बाई! गेटवरचं मशीन वेळ घेतं ती मेन सर्व्हरवरूनच. म्हणजे काकांसाठी कुणीतरी सर्व्हरचंच घड्याळ पुढं करून ठेवलं होतं. दीड वर्ष शिव्या घातल्या, पण हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

"नवाही दहा मिनिटं पुढं करा, सुटला प्रश्न," इंजिनिअर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "खोट्या वेळेची कॉपी काढायला तीन दिवस घासले का मी?"

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आज सगळं बंदच आहे, कर. पण काकांना विचार."

काका जवळच्याच निघोज्याचे. मोटरसायकलवर पंधरा मिनिटांत आले आणि आल्या आल्या म्हणाले, "न्हाई जमायचं. घड्याळ मागं आणलं की समदी निवांत येतील."

"अहो काका, ते पुढं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लोक दहा मिनिटं धरूनच घरून निघतात. फसतो फक्त आमचा बसवाला, तो आपला मोबाइल बघून येतो."

काका म्हणाले, "व्हय की. कर मग."

पण नुसतं घड्याळ मागं ओढून भागत नाही. सुट्टीतही सिस्टिम आपोआप नोंदी टाकत असते, त्यामुळं पुढच्या वेळेच्या नोंदी आधीच आत बसलेल्या, तीच दहा मिनिटं दोनदा आली तर गोंधळ. म्हणून मी डेटाबेस बंद केला, घड्याळ खऱ्या वेळेवर आणलं, आणि खरी वेळ शेवटच्या नोंदीच्या पुढं जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. अख्ख्या कंपनीचा डेटाबेस गप्प, आणि आम्ही तिघं काकांनी टपरीवरून आणलेला चहा पीत भिंतीकडं बघत बसलो. दहा मिनिटं एवढी लांब असतात हे मला तेव्हा कळलं.

अकरावं मिनिट सुरू झालं. डेटाबेस चालू केला. तपासणी पुन्हा लावली. सगळं हिरवं! मी ओरडले, काका दचकले, चहा त्यांच्या शर्टावर. एकच्या सुमाराला मेनवरची पहिली नोंद नव्या सर्व्हरवर उमटली, आणि मी खुर्चीवरून उठून अक्षरशः उडी मारली.

शुक्रवारी बसमधून उतरले, पंच केलं. आठ अठ्ठावीस. काकांनी आत बोलावलं. टेबलावर माझ्या लेट मार्कांची यादी होती, साहेबांनी कायम करायच्या पत्रासाठी मागवलेली. प्रत्येक ओळीवर पेनानं काट.

"काल दुपारच्याला बसून परतेकातनं धा मिनिटं वजा केली पोरी," काका खाली बघत म्हणाले. "एकबी उरला न्हाई. चूक आमचीच हाय, तसं खाली लिवलंय."

तिथंच उभ्या उभ्या आईला फोन लावला.

"झालीस का कायम?"

"अजून नाही गं," मी म्हणाले, "पण आई, मी कधी लेट नव्हतेच!"