काबरीचा पाय

भागीबाई आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते आणि इंदिरानगरातल्या बंगल्यांत धुणीभांडी करते. मूळची सुरगाण्याकडची, डोंगरातली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर टोळीतून नाशकाला द्राक्षांच्या कामाला आली. हंगाम संपला, टोळी गावाला गेली, ही दोघं इथेच राहिली. पुढे नवरा वारला. मुलगा चंदर मनमाडला रेल्वेत चिकटला, तिकडेच बायको केली, आता दिवाळीला तोंड दाखवतो. पण बाईने कधी रडगाणं गायलं नाही. मुळात बोलतेच कमी. मी सकाळपासून तोंडाचा पट्टा सोडते, ती ऐकते, असं आमचं झकास जमतं.

मागच्या थंडीत तिची आई गेली. दिवस करून परत आली तेव्हा काखेत कोंबडी. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली, नुसती मान बाहेर, आणि एसटीत सगळा वेळ मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हटलं, "हे काय गं आणलंस?"

"भावांनी भांडी वाटून घेतली, कौलं बी वाटून घेतली," ती म्हणाली. "मी म्हनलं, मला काय नको, ही द्या. बाकीच्या जेवनात गेल्या. आईची येवढी एकच राहिली."

कोंबडी काबरी होती, काळ्यावर पांढरे ठिपके, आणि चोचीने तिखट. मला पहिल्याच दिवशी टोचली.

आता नवी कोंबडी घरी आणली की तिच्या पायाला दोरी बांधून दोन-चार दिवस ठेवायची, हे आमच्या मळ्यातही करायचे आणि तिच्या डोंगरातही करतात. तिने घर ओळखलं की सोडायची, मग ती संध्याकाळी आपसूक परत येते. भागीबाईने काबरीला मागच्या मोरीच्या नळाला बांधलं. त्या जागी पूर्वी माझा झेंडू होता. चिखल नको म्हणून मुलाने सगळं सिमेंट करून घेतलं, ते एक असो. दोन-चार दिवस गेले. होळी झाली, पाडवा झाला, तरी दोरी नळालाच.

"अगं सोड की आता तिला," मी म्हणायचे.

"अजून घर नाय वळखत ती," एवढंच उत्तर. मला वाटलं, असेल बाई, डोंगरातली कोंबडी, लागत असेल वेळ.

मग काबरी लंगडायला लागली. भागीबाईने पाय उलटून पाहिला, तळव्याला काळा खपला. काटा मोडला असेल म्हणून तिने रुईचा चीक लावला, काट्याला लावतात तसा. काटा असता तर निघाला असता ना! तळवा फुगून बोरासारखा झाला. मग मी मध्ये पडले. मिठाच्या कोमट पाण्यात पाय धरला, खपला भिजवून काढला, आतून पिवळा कडक गड्डा निघाला, शिजलेल्या तुरीच्या डाळीएवढा. हळद-तेल लावून पट्टी बांधली. काबरीने मला चार ठिकाणी बोचकारलं आणि भागीबाई तिच्याच डोक्यावरून हात फिरवत बसली. माझं कोणाला काय!

आठवड्यात उतार पडला. पुन्हा खपला. पुन्हा मिठाचं पाणी, पुन्हा गड्डा, पुन्हा पट्टी. पाय काही हट्ट सोडेना. काबरी उभी राहायची बंद झाली, दाण्याकडे बघेना. माझा मुलगा गमतीत म्हणाला, "आता रस्सा करा आणि सोडवा तिला." भागीबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून उठला. ती कोंबडीला खोलीत घेऊन गेली, दार लावलं, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मीच रिक्षा बोलावली आणि दोघींना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण हात हलका. जखम साफ केली, मलम भरलं, पट्टी बांधली. मग विचारलं, "ही दिवसभर कुठे असते?"

"हिंडती," भागीबाई म्हणाली.

"कुठे हिंडते?" मला राहवलं नाही. "नळाला बांधलेली असते, हातभर दोरीने. ओल्या सिमेंटवर."

डॉक्टरने मान हलवली. "आजी, मग मी वर्षभर पट्ट्या बांधल्या तरी हे परत होणार. एकाच जागी, ओल्या खरबरीत सिमेंटवर, सगळं वजन त्याच पायावर. हिला कोरडी माती पाहिजे. दोरी सोडा. नाहीतर आजार हाडात उतरेल आणि कोंबडी जाईल."

परतताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा भागीबाई एकदम म्हणाली, "तिनं घर कवाच वळखलं होतं."

"मग बांधलीस कशाला?"

"सोडली आन गेली तं? नवरा गेला, चंदर गेला, आई गेली. मला आता आनखी कोन जायला नको, काकू."

घरी येईपर्यंत मी बाहेरच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोरी सोडली. आमच्या शेजारी एक मोकळा प्लॉट आहे, मालक कुठे परदेशात, आत नुसती माती, गवत आणि एक कडुनिंब. भागीबाई कामावर जायच्या आधी काबरीला उचलून तिथे ठेवायची, स्वतः शेजारी बसायची. उठायला जीव व्हायचा नाही. एका बंगल्याच्या बाईंनी उशीर होतो म्हणून झापलं, तेही ऐकून घेतलं. रोज पट्टी बदलायची, मलम लावायची, पाय कोरडा ठेवायची. काबरी आधी एका जागी बसून राहिली, मग माती उकरायला लागली, मग गवतात शिरायला लागली. पायाचा खपला एक दिवस आपोआप गळून पडला. खाली नवी गुलाबी कातडी. भागीबाईने मला हाताला धरून नेऊन दाखवली, आणि हसली. तिला हसताना बघायची मला सवय नाही, मीच गोंधळले.

पण व्हायचं तेच झालं. पाय बरा झाला तशी काबरी संध्याकाळी घरी येईना. कडुनिंबाच्या फांदीवर चढून बसायची. पहिल्या दिवशी भागीबाई झाडाखाली उभी राहिली, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. रात्री तिच्या खोलीतला दिवा लवकर विझला आणि जेवणाचा वास आला नाही. माझ्या जिवाला घोर लागला.

आता ती कामावरून आली की प्लॉटच्या भिंतीपाशी उभी राहते आणि "तित, तित, तित" अशी हाक मारते. काबरी दोन्ही पायांवर धावत येते. तिच्या हातावरचे तांदूळ खाते, पाय उलटून बघू देते, थोडी रेंगाळते, आणि परत आपल्या झाडाकडे जाते. भागीबाई ती फांदीवर चढेपर्यंत बघत राहते.

काल मला बघवेना. म्हटलं, "अगं बाई, हातात येते तर धर की पटकन. घरात टोपलीखाली ठेव, मी पोतं अंथरून देते. एवढा जीव तुटतो तुझा, तर धरत का नाहीस?"

ती हातातले उरलेले तांदूळ चाचपत बसली.

"आई बी अशीच बोलवायची मला. मी जायची, तिच्या हातचं जेवायची आन शेवटच्या गाडीनं नाशकाला माघारी. ती गावच्या फाट्यापर्यंत यायची, गाडी दिसंनाशी होईस्तवर उभी राहायची. येक दिवस ऱ्हाय, असं कधी म्हनली नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, तिला चालतंय."