पांढऱ्या मातीचं टोपलं आणि कौसल्याबाई

कौसल्याबाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून गावानं त्यांच्या गौरवग्रंथाचा घाट घातला आहे. मलाही लिहायला सांगितलं. सोबत समितीचा निरोप आला: बाईंच्या सोशिकपणावर लिहा, जुन्या कटू गोष्टी टाळा. तो ऐकून माझं डोकंच फिरलं. बाई सोशिक? कुणी ठरवलं हे? मी त्यांच्याबरोबर एकाच शाळेत नोकरी केली, त्यांच्या घरी जेवले, आजारपणात त्यांच्याच ओसरीवर पडून राहिले. मला जे ठाऊक आहे तेच लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर परत पाठवा.

माझं माहेर जिंतूरचं. नोकरीचा हुकूम घेऊन चुडाव्याला गाडीतून उतरले आणि चालत या गावच्या शाळेत आले, तेव्हा व्हरांड्यात एक बाई गुत्तेदाराला झाडत होत्या. त्यानं शाळेच्या भिंतींना नुसता पाण्यात कालवलेला चुना फासला होता, आणि भिंतीला टेकून बसलेल्या पोरांच्या पाठी पांढऱ्याफेक झाल्या होत्या. "चुन्यात डिंक कोण घालणार? तुमचे पाव्हणे?" बाई विचारत होत्या. "उद्या ह्या पोरांच्या आयांनी सदरे धुवायचे का तुमच्या नावानं रडत?" गुत्तेदार म्हणाला, सरकारी काम आहे, चालतंय. "मला न्हाई चालत," बाई म्हणाल्या, आणि त्याला सगळ्या भिंती पुन्हा रंगवायला लावल्या. ही माझी आणि त्यांची पहिली ओळख. मुख्याध्यापक गुरुजी आत हजेरीपटात तोंड खुपसून बसले होते.

बाईंना भिंतींचं वेड होतं, हे पुढं कळलं. बौद्धवस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. शेण आणि गव्हाचा भुसा घालून मळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा, आणि खाली, जिथं गावात सगळे गेरूचा पट्टा ओढतात तिथं, निळीचा पट्टा. त्या पट्ट्याच्या वर बाई ओल्या मातीत बोटांनी नक्षी काढत. मला हिवताप झाला तेव्हा त्यांनी मला भाड्याच्या खोलीतून उचलून स्वतःच्या घरी आणलं. पत्र्याच्या खोलीत माझं अंग भाजत होतं. त्या मातीच्या भिंतीला पाठ लावली आणि जीव थंडावला. बाई मला भाताची पेज भरवत आणि पेज सांडली की रागावतही.

नंतर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जे पेटलं, ते आमच्याही गावात आलं. बाईंच्या घराचं छप्पर जाळलं. बाई शाळेत वर्गावर होत्या म्हणून वाचल्या. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, काजळीनं काळ्याठिक्कर. वस्तीतली आणखीही घरं जळाली. आणि एवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून गावानं ओढ्याकाठची पांढऱ्या मातीची खदान वस्तीला बंद केली. ती खदान कुणाच्या बापाची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव तिथलीच माती दसऱ्याआधी भिंतींना लावत आलं आहे. तिथं काठी घेऊन पहारा कोण देत होतं? दगडूअण्णा. होय, आज या ग्रंथाच्या स्वागत समितीत बसलेले तेच आपले दगडूअण्णा. कटू गोष्टी टाळा म्हणे!

बाईंनी पगारातून नवं छप्पर घातलं. भिंती तेवढ्या काळ्याच राहिल्या. मुख्याध्यापक गुरुजींनी परभणीहून डिस्टेंपरचा डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. म्हणाले, "बाई, शहरात हल्ली हेच लावतात. एका दिवसात काळं झाकून जाईल. कशाला मातीपायी वाद वाढवता?" बाईंनी डबा त्यांच्याकडं सरकवला. "गुरुजी, डिस्टेंपर मलाबी घेता येतोय. पण आज मी डबा उघडला की खदान त्यांची झाली. माझ्या शेजारणीकडं कुठं हाय डबा? तिनं काळ्या भिंतीत नांदायचं का?" गुरुजी म्हणाले, तुम्ही तुमच्यापुरतं बघा. तेव्हा बाई अशा काही बोलल्या की ते शब्द मी इथं लिहू शकत नाही. सोशिकपणा म्हणतात तो हाच असावा!

रोज शाळा सुटली की बाई रिकामं टोपलं घेऊन खदानीवर जाऊ लागल्या. मागं वस्तीतल्या बायका. अण्णा काठी आडवी धरत. बाई तिथंच टोपलं पालथं घालून त्यावर बसत आणि दिवस मावळेपर्यंत उठत नसत. शिव्या मिळाल्या, कुणी ढेकळं मारली. मीही जाऊन बसले. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. बाई मात्र अण्णांना तोंडावर विचारायच्या, "अण्णा, तुमचं घर कवा पोतारायचं? दसरा आलाय की."

आणि इथंच आमच्या गावाची अक्कल उघडी पडली. खदान बंद करताना या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही, की आपल्याही घरांना माती तिथूनच येते, आणि ती खणून, डोक्यावर वाहून आपल्या दारात टाकणाऱ्या याच बायका आहेत, ज्यांना आपण अडवलंय! गावातल्या बायांनी कधी मातीचं टोपलं उचललं नव्हतं. रीतच नव्हती तशी. घटस्थापना तोंडावर आली आणि गावभर भिंती पावसाळ्यात उडालेल्या चिखलानं तशाच बरबटलेल्या. घराघरांत भांडणं सुरू झाली.

अण्णांच्या बायको भामाकाकू एक दिवस शाळेच्या दाराशी आल्या. "बाई, आमच्याकडं माती धाडा की. मी सांगते ह्यांना, तुमच्यापुरतं सोडतील."

"माझ्यापुरतं नको," बाई म्हणाल्या. "खदान सगळ्यांना उघडी करा. आन्‌ काकू, हितून पुढं तुमची भिंत, तुमचं टोपलं. आमी न्हाई आणायचो."

काकूंचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटून आम्ही खदानीवर बसलो होतो, तिथं त्या आल्या, पदर खोचून, डोक्यावर चुंबळ, हातात टोपलं. अण्णा काठी धरून उभेच होते. काकू म्हणाल्या, "सरका बाजूला. घट काय चिखलाच्या भिंतीपुढं मांडू?" अण्णा सरकले. काकू आत गेल्या, त्यांच्या मागं बाई, बाईंच्या मागं सगळी वस्ती. काकूंनी भरलेलं टोपलं त्यांना उचलेना, तेव्हा बाईंनीच हात लावून त्यांच्या डोक्यावर चढवलं. मी ओढ्याकाठी उभी राहून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. त्या दसऱ्याला वस्तीतली एकही भिंत काळी राहिली नाही. बाईंच्या घराला पुन्हा निळीचा पट्टा ओढला गेला. डिस्टेंपर मुख्याध्यापकांनी स्वतःच्या घराला लावला. पुढच्या पावसात भिंतीला ओल आली आणि त्याचे पापुद्रे निघाले, हे लिहिताना मला आनंद होतो आहे.

आता नामांतराचं भांडण मिटलं म्हणतात. म्हणून हार, शाल, नारळ. जाळलेल्या छपराबद्दल मात्र आजवर कुणी एका शब्दानं बोललेलं नाही. मी बाईंना विचारलं, सत्कार घेणार का? त्या ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "घेते की. पण शाल नको. माझ्यानं आता ओढ्यापत्तूर जाववत न्हाई. भिंती पोतारायच्या राहिल्यात. अण्णांना म्हणावं, एक टोपलं माती आणा."

कौसल्याबाईंना निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे बरे होवोत, त्यांचा राग असाच शाबूत राहो आणि त्यांच्या भिंतीवर त्यांच्या बोटांची नक्षी आम्हाला अजून पुष्कळ दसरे पाहायला मिळो. आणि दगडूअण्णा, टोपलं गाडीतून पाठवायचं नाही, गड्याच्या हातीही नाही. खदानीपासून बाईंच्या दारापर्यंत तुमच्या स्वतःच्या डोक्यावर आणायचं. चुंबळ मी देते.