उत्तर ध्रुव, रेल्वे क्वार्टर्स, डहाणू रोड

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये उत्तर ध्रुवावरून भांडण झालं. खोटं नाही सांगत... चांगलं कडाक्याचं भांडण!

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. पेपरात कुठेतरी आतल्या पानावर आलं होतं की पृथ्वी तापतेय, उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचा बर्फ कमी होतोय, आणि यावर शास्त्रज्ञांचे आपापसात वाद आहेत. मग आम्ही का मागे राहायचं?

माझे बाबा बुकिंग ऑफिसमध्ये. दिवसभर खिडकीपलीकडच्या लोकांशी वाद घालायचे आणि उरलासुरला घरी आणायचे. त्यांचं म्हणणं, सगळ्या थापा. माझं म्हणणं, बर्फ वितळला की समुद्र चढणार आणि आपल्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं पाण्यात जाणार!

"दाखव मला," बाबा म्हणाले. "पाणी चढलं तर सायन्स. नाही चढलं तर गुपचूप कॉमर्स."

सायन्ससाठी मी केव्हापासून त्यांच्या मागे लागले होते, पण सायन्सचं कॉलेज पालघरला, आणि त्यांना माझं रोजचं गाडीने अप-डाऊन नको होतं. पण आपण जिंकणार याची एवढी खात्री, की मी तिथल्या तिथे टाळी दिली.

माझी मैत्रीण हेमा डहाणू गावातली, घरची मासेमारीची बोट. मासळीसाठी आलेल्या बर्फाच्या लादीतला एक दणदणीत तुकडा तिने गोणपाटात गुंडाळून आणला. मी पातेलं नळाखाली धरलं तर बाईसाहेब भडकल्या.

"दर्याचा प्रयोग हाय ना? मग पानी पन दर्याचाच पायजे!"

झालं... सायकलच्या हँडलला दोन कॅन लटकवून आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि खराखुरा अरबी समुद्र घेऊन आलो. दारात समुद्र असला की माणसाला नळाचं पाणी नकली वाटायला लागतं, हेच खरं.

आईचं सर्वात मोठं जर्मनचं पातेलं अंगणात मांडलं. बर्फ तरंगत सोडला, तो तळाला टेकत नाही ना ते पाहिलं, आणि पाण्याच्या पातळीवर हेमाच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली. बर्फाला मासळीचा असा काही वास, की क्वार्टर्समधली सगळी मांजरं आमच्याआधी हजर!

माणसंही जमली. शेजारच्या जशुबेन पापड अर्धवट टाकून आल्या, समोरचे गार्डकाका ड्यूटीवरून आले ते युनिफॉर्मवरच उभे राहिले. डहाणूत उकाड्याने जीव जात होता आणि आम्ही सगळे एका पातेल्यावर वाकून उत्तर ध्रुव बघत होतो... काय मजा आली म्हणून सांगू!

बर्फ वितळत गेला. पाणी चांगलं बोटभर चढेल असं मी धरून चालले होते.

शेवटचा खडा वितळला. पाणी चढलं होतं... केसभर. आधी रेघेच्या खालच्या कडेला होतं, आता वरच्या कडेला टेकलं होतं. बस्स.

आणि जो काही गोंधळ उडाला! जशुबेन ओरडल्या, "वधी गयुं! जुओ, वधी गयुं!" गार्डकाका म्हणाले, कसलं वाढलं, मांजराने पातेलं हलवलं. हेमा तर नाचायलाच लागली, "चढला! चढला! सायन्स!" बाबा चष्मा पुसून पुसून रेघ बघत होते.

त्या क्षणी मी नुसतं "हो, चढलं" म्हटलं असतं ना, तर सायन्स माझ्या खिशात होतं. जशुबेन आणि हेमा माझ्या बाजूने होत्याच.

पण माझं लक्षच नव्हतं तिकडे. मी वितळण्याआधीचा तो तुकडा आठवत होते... वर जेमतेम टोक दिसत होतं, बाकीचा सगळा पाण्यातच होता. म्हणजे त्याने आपली जागा आधीच घेतलेली! वितळून तो आणखी किती घेणार?

"बाबा, हे काही चढणं नाही. मी चुकले," मी म्हटलं. हेमाने कपाळावर हात मारला. आणि मला रडू यायच्या ऐवजी प्रचंड आनंद झाला होता.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तरंगत्या बर्फाने समुद्र चढत नाही, तर तुझे ते शास्त्रज्ञ एवढी काळजी कशाची करतात?"

"माहीत नाही... आणि हे तरी केसभर का चढलं, तेही माहीत नाही."

"मग हे शोधायला काय कॉमर्सला जाणार आहेस?"

एवढं बोलून बाबा आत निघून गेले. काय बोलले ते कळायला मला थोडा वेळ लागला... आणि मग मी जशुबेनना मिठी मारली ती सुटेचना!

उत्तरं पुढे कॉलेजात मिळाली. केसभर चढलं ते हेमाच्या हट्टामुळे... खारं पाणी जड, त्यात गोड्या पाण्याचा बर्फ किंचित जास्त वर तरंगतो, म्हणून वितळल्यावर तेवढा फरक. समुद्र खरा चढवतो तो जमिनीवरचा बर्फ. आणि समुद्रावरच्या बर्फाची काळजी अशासाठी की तो पांढरा असतो, ऊन परत पाठवतो. तो गेला की खालचं काळं पाणी ते सगळं ऊन पिऊन टाकतं आणि आणखी तापतं.

आता मी तलासरीला शाळेत सायन्स शिकवते. एखादं पोर सगळ्या वर्गासमोर "बाई, माझं चुकलं" म्हणतं आणि त्याचे डोळे चमकत असतात, तेव्हा बाबांची फार आठवण येते. त्या दिवशी त्यांनी पातेल्याकडे बघणं सोडून माझ्याकडे बघितलं... म्हणून मी आज इथे उभी आहे.